ताण, तणाव की प्रतिबल?

बहीण मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करून राहिली, गावच्या शाळेत तिला मराठीतून बोलाचं आहे. ई. कोलाय जिवाणूत बाहेरचा जीन टाकाचा आणि मंग त्याले थंडी, गरमी, मीठ असं काही सोसाले लावून आपल्याले पाहिजे ते प्रोटीन जास्त काढाचं, असा विषय. 'एन्व्हायर्नमेंटल स्ट्रेस'ले तिनं लिहिलं 'पर्यावरणीय प्रतिबल'. म्हटलं बाप्पा, हे तर फिजिक्सच्या तारेचं प्रकरण. 'तणाव' म्हटलं की दोन गावांचं भांडण न पोलीस बंदोबस्त. काय लिहावं?

— भाऊ, वरुड-मोर्शीकडचे असून हे विचारता? 'ताण'. आंबिया बहारासाठी डिसेंबरात संत्र्याचं पाणी तोडतो, पानं मलूल पडतात, मग हलकं पाणी देऊन ताण तोडतो न बाग फुलते. आपण देतो तो ताण, डीपी जळून बाग सुकली तर तो बसलेला ताण, बहीण करते ते पहिलं. जिवाणू ३७ अंशांवर वाढवून घेतात, मग १५ वर आणतात. थंडीत त्याची बाकीची कामं मंदावतात पण सीएसपीए नावाचा थंडीचा प्रमोटर, म्हणजे जीन चालू करणारा डीएनएचा तुकडा, जागा होतो, त्याच्यामागं आपला जीन जोडला की झालं. वरून प्रोटीन सावकाश बनतं म्हणून त्याची घडी नीट पडते, नाहीतर ३७ वर घाईघाईत बनून बरेचदा गोळेच होतात, बिनकामाचे.

— ताण बरोबर, पण 'त्रास दिला की जास्त देतो' असं पोरांना सांगू नका ताई. ३० वरून ४२ अंशांवर नेतात तिथं जीनवर बसलेलं रिप्रेसरचं कुलूप गरमीनं ढिलं पडतं, म्हणून जीन चालतो. बाकी गरमीनं जिवाणूची वाढ खुंटतेच, आणि बिघडलेली प्रोटीनं तोडणारे एन्झाइमही वाढतात, त्यात आपला मालही जातो कधी कधी. म्हणून आधी भरपूर वाढवायचा, मग ताण. लहान झाडाले कोणी ताण देतं का?

— आमचा बुढा 'बाग तानावर सोडली' म्हणतो, आणि पाणी मांगतानाही 'तान लागली'च म्हणतो 😄 शब्द दोन आहेत, ताण 'तन्' म्हणजे ताणणे यातून आला आणि तहान तृष्णेतून, पण आपल्या वऱ्हाडी तोंडात दोन्ही एकच. आणि मिठाच्या बाबतीत बुढा चुकत नाही, मीठ वाढवलं की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणजे जिवाणूले खरीच तान लागते. मग तो बाहेरचं बीटेन नावाचं रसायन आत ओढून घेतो आणि त्यानं प्रोटीनची घडी सांभाळायलाही मदत होते.

— 'मिठाचा ताण', 'थंडीचा ताण' पक्कं. 'पर्यावरणीय' काढूनच टाकतो, पोरं झाडं लावाले निघतील. आता 'रिकॉम्बिनंट', म्हणजे बाहेरचा जीन जोडून बनवलेलं, याचं काय?

— तसंच ठेवा. 'पुनःसंयोजित'ले मास्तरच अडखळतील. इन्सुलिनचं सांगा, १९७८ मध्ये जिवाणूत बनवलं, १९८२ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. शुगरवालं कोणी ना कोणी घरी असतंच.