मदत हवी आहे: स्वीडनचा लेपर्ड की स्पेनचा?

मंडळी, लेपर्ड २ या जर्मन रणगाड्याच्या प्रकारांत पुरता अडकलोय. २ए४ ओळखायला सोपा, बुरुजाचा पुढचा भाग भिंतीसारखा उभा. २ए५ पासून तिथे पाचरीच्या आकाराचं जादा चिलखत आलं. इथवर ठीक. पण स्वीडनचा स्ट्रिड्सवाग्न १२२ आणि स्पेनचा २ई समोरून पाहिले की डोकंच चालत नाही! स्पेनवाल्याची १२० मिमी तोफ एल/५५ (म्हणजे नळीची लांबी तिच्या व्यासाच्या ५५ पट), स्वीडनची आखूड एल/४४. फरक सुमारे १.३ मीटरचा, पण नळी कॅमेऱ्याकडेच रोखलेली असली तर तो दिसणार कसा? बुरुजाच्या बाजूची धूरगोळे फेकणारी नळकांडी बघून खात्रीने सांगता येतं का? १:३५ चं मॉडेल रंगवायला घेतलंय, म्हणून जरा घाई. जवळून काढलेले फोटो असतील तर प्लीज टाका.