थकवा नाही, मोठं होणंच आहे ते

‘सुट्टी नुसती धावपळीत गेली आणि एकदम वय वाढल्यासारखं वाटतंय’ ही तुमची पोस्ट वाचून बरं वाटलं, म्हणजे असं वाटणारी मी एकटीच नाही. पण त्यावर तुम्हाला मिळालेला ‘कामाचा शीण आहे, झोप काढा’ हा सल्ला काही पटला नाही. शीण परीक्षेतही येतो, तेव्हा कुठे असं वाटतं?

जेफ्री आर्नेट या मानसशास्त्रज्ञाने २००० साली १८ ते २५ हे वय म्हणजे एक वेगळाच टप्पा आहे, असं मांडलं. ‘तुम्ही प्रौढ झालात का?’ या प्रश्नाला या वयातले बरेच जण ‘काही बाबतींत हो, काही बाबतींत नाही’ असं उत्तर देतात. आणि मोठं होण्याची खूण म्हणून ते लग्न किंवा पदवी सांगत नाहीत. स्वतःची जबाबदारी घेणं, स्वतः निर्णय घेणं आणि स्वतःच्या पैशांवर उभं राहणं, या तीन गोष्टी सांगतात.

एरवी या गोष्टी हळूहळू येतात. तुमच्या सुट्टीत इंटर्नशिप, पहिला पगार आणि घरच्यांची कागदपत्रं असं सगळं एकदम अंगावर आलं. त्यात वेळापत्रक आखून द्यायला कुणी नाही. (डॉक्टरांची अपॉइंटमेंट आपली आपण घ्यायची, हे मला अजूनही अन्यायकारक वाटतं.) शिवाय नवे अनुभव दाटीने आले की मागे वळून पाहताना तो काळ लांबलचक भासतो, म्हणून दोनच महिने वर्षाएवढे वाटत असतील.

कॉलेज सुरू झालं की हे ओझं निम्मं उतरेल. पगारातले थोडे पैसे बाजूला टाकायची सवय लागली असेल, तर ती तेवढी सोडू नका.