हिवाळ्यात नदीकाठी आरव्ही: मोआबचे अनुभव इथे लिहा

सायलीरान
शेजारच्या धाग्यावर कुणीतरी विचारलंय, ख्रिसमसच्या सुट्टीत यूटामधल्या मोआबला आरव्ही (चाकांवरचं घर) नेली तर निभेल का? वाचलं आणि कॉलोराडो नदीकाठची ती थंडी एकदम आठवली. निभेल, आणि फार सुंदर निभेल. उन्हाळ्यातली गर्दी नसते, लाल कड्यांवर बर्फ असतो. फक्त पाण्याची काळजी घ्यावी लागते. ज्यांनी केलंय त्यांनी लिहा, कामाचं लिहा.

सुरुवात मी करते. मोआब साधारण ४,००० फुटांवर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी गोठतंच असं धरून चला. नदीकाठी गारवा जास्त, कारण गार हवा जड असते, ती उतारावरून येऊन पात्रात साचते. साइट बुक करताना कडा कुठल्या बाजूला आहे ते नकाशात बघा. पूर्वेला उंच कडा असेल तर सकाळचं ऊन फार उशिरा मिळतं. पाण्याला चिकटून असलेल्या साइटपेक्षा मागच्या रांगेतली थोडी उंच साइट हिवाळ्यात कधीही बरी.

रात्री होज (पाण्याची नळी) नळाला लावून ठेवू नका. संध्याकाळी फ्रेश टँक (गाडीतली स्वच्छ पाण्याची टाकी) भरायचा, होज काढून पूर्ण निथळवायची, गुंडाळून ठेवायची आणि रात्रभर १२ व्होल्टच्या पंपावर काम चालवायचं. हीटेड होज घेतली तरी नळाची मान आणि प्रेशर रेग्युलेटर गोठतो, कारण गरम होणारी तार होजपुरतीच असते. त्या भागाला हीट टेप (विजेवर गरम होणारी पट्टी) गुंडाळा, वरून फोम.

गारठा_५२८०
होजचं शंभर टक्के. आता ग्रे टँक, म्हणजे सिंक-शॉवरच्या सांडपाण्याची टाकी. 'गोठू नये म्हणून नळ बारीक चालू ठेवा' हा घरातला सल्ला आरव्हीत उलटा पडतो. ग्रेचा व्हॉल्व्ह बंद असेल तर सकाळपर्यंत टँक भरून पाणी शॉवरमध्ये वर येतं. उघडा असेल तर ती बारीक धार सुअर होजमध्ये (सांडपाण्याच्या नळीत) थरावर थर गोठत जाते आणि शेवटी होज आतून पूर्ण बंद होते. ग्रे आणि ब्लॅक (टॉयलेटची टाकी), दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवा, टँक दोन तृतीयांश भरला की दुपारच्या उन्हात एकदम रिकामा करा, होज धुऊन काढून ठेवा. मोठा लोंढा गोठत नाही, थेंब गोठतात.

पी-ट्रॅपमध्ये (सिंकखालच्या वाकड्या पाइपात) आणि टँकमध्ये गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ थोडं ओता. ते प्रोपिलीन ग्लायकॉलचं असतं. गाडीच्या रेडिएटरचं अजिबात नको, ते इथिलीन ग्लायकॉल म्हणजे विष.

मीनल_के
फोनवरून लिहितेय, कुकर लावलाय. आमच्या साइटला ३० अँपचं कनेक्शन आहे. दोन इलेक्ट्रिक हीटर लावले की गॅस वाचेल ना?

गारठा_५२८०
मीनलताई, दोन अडचणी. ३० अँप म्हणजे १२० व्होल्टला ३,६०० वॉट. १,५०० वॉटचा एक हीटर १२.५ अँप घेतो. दोन लावले की २५ गेले, वर मायक्रोवेव्ह चालू केला की ब्रेकर पडणारच.

दुसरी अडचण मोठी. बऱ्याच ट्रेलरांत फर्नेसच्या (गॅसवरच्या हीटरच्या) गरम हवेचा एक डक्ट खाली टँकांच्या पोकळीत जातो. हीटरने खोली उबदार झाली की थर्मोस्टॅटला वाटतं काम झालं, फर्नेस लागतच नाही, आणि माणसं उबेत असताना खाली पाइप गोठतात. एक हीटर लावा हवा तर, पण फर्नेस अधूनमधून लागेल इतका थर्मोस्टॅट वर ठेवा. सिंकखालच्या कपाटांची दारं रात्री उघडी ठेवा, बाहेरच्या भिंतीलगतचे पाइप तिथेच असतात.

मीनल_के
बापरे, हे कुणीच सांगितलं नव्हतं. मग गॅस किती लागेल?

पाटील_बफेलो
२० पाउंडाच्या सिलिंडरमध्ये साधारण ४.७ गॅलन प्रोपेन, म्हणजे सव्वाचार लाख बीटीयूच्या (उष्णतेचं माप) आसपास. तासाला ३०,००० बीटीयूची फर्नेस सलग चालली तर १४ तास. अर्धा वेळ चालली तर एक दिवस आणि वर थोडं. दोन सिलिंडर आणि ऑटो चेंजओव्हर (एक संपला की आपोआप दुसऱ्यावर जाणारा) हवाच. एक संपलेला दिसला की त्याच दिवशी भरून आणा.

ब्यूटेनचे छोटे डबे बाहेरच्या चहासाठी नेऊ नका, शून्याच्या आसपास त्याचा वायूच होत नाही. प्रोपेन उणे ४२ सेल्सिअसपर्यंत साथ देतं.

आणि कुणीही ऊब यावी म्हणून आतली शेगडी पेटवून बसू नका!! कार्बन मोनॉक्साइड. डिटेक्टरची तारीख बघा, तो ठरावीक वर्षांनी बदलावा लागतो.

सायलीरान
+१. शेगडी जळली की वाफही होते. खिडक्यांना घाम, गादीखाली ओल. छताचा व्हेंट बोटभर उघडा ठेवायचा आणि गादी रोज सकाळी भिंतीपासून ओढायची.

शिरीष_लिथियम
हुकअप (साइटवरचं वीज-पाण्याचं कनेक्शन) नसलेल्यांसाठी: हायवे १२८ वरची बीएलएमची (सरकारी जमीन खात्याची) कॅम्पग्राउंडं नदीला अगदी लागून आहेत, पण वीज-पाणी नाही, नुसती टॉयलेटं. फर्नेसचा ब्लोअर १२ व्होल्टवर ७ ते १० अँप खातो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली डिस्चार्ज होते, पण चार्ज करायची नाही, सेल कायमचे खराब होतात. बॅटरी आत, उबेत ठेवा. लेड-ॲसिड असेल तर पूर्ण उतरू देऊ नका. भरलेली टिकते, उतरलेली गोठून फुटते.

रानजाई
किती टेक्निकल चाललंय, फिरण्याचंही लिहा की!

कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कमधल्या मेसा आर्चचा सूर्योदय हिवाळ्यातच बघावा. डिसेंबरअखेर सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे मोआबहून सहाला निघालं तरी पोचता येतं. ट्रेल अगदी छोटा. परतताना डेड हॉर्स पॉइंट, खाली २,००० फुटांवर नदीचं वळण.

आर्चेस नॅशनल पार्कमधली डेलिकेट आर्च जाऊन-येऊन ३ मैल, चढ ४८० फूट. शेवटचे दोनेकशे यार्ड खडकाच्या कपारीवरून जातात आणि तिथेच बर्फ दाबून दाबून काच झालेला असतो. मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे खिळे) बॅगेत असू द्या, कपारीच्या आधी घाला, मोकळ्या खडकावर काढा. सूर्यास्त पाचच्या सुमारास, म्हणून हेडलॅम्प.

बर्फ असला तरी वाट सोडून मातीवर पाय नको. खाली काळी खरबरीत जिवंत माती असते, एक पाऊल पडलं तरी भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.

पाटील_बफेलो
डेन्व्हरकडून येणाऱ्यांना: जीपीएस आय-७० वरून एक्झिट २०४ ला उतरवून १२८ ने नेईल. रस्ता देखणा, पण अरुंद, वळणांचा, सावलीत बर्फ. ट्रेलर असेल तर पुढे एक्झिट १८२ ला उतरून १९१ ने या. आणि टायरचं प्रेशर थंड असताना मोजा, दर १० डिग्री फॅरनहाइटला साधारण १ पीएसआय उतरतं.

गारठा_५२८०
निघताना स्लाइड (गाडीचा बाहेर सरकणारा भाग) आत घेण्याआधी वरचा बर्फ झाडूने काढा, नाहीतर तो आत येऊन वितळतो. सील चिकटलं असेल तर मोटर रेटू नका, ऊन येईपर्यंत थांबा. जॅकखाली लाकडी ठोकळे, म्हणजे ते चिखलात गोठून बसत नाहीत.

मीनल_के
कुकर झाला. 🙏 सगळं लिहून घेतलं. आमचा बंड्या (लॅब्राडोर) बरोबर आहे, आर्चेसमध्ये चालेल?

रानजाई
ट्रेलवर नाही गं, पार्किंग आणि रस्त्यापुरताच. त्याला ग्रँडस्टाफ कॅन्यनला ने, १२८ वरच आहे, पट्टा लावून चालतो. ओढा बऱ्याचदा ओलांडावा लागतो, त्यामुळे तुझ्यासाठी वॉटरप्रूफ बूट आणि त्याच्यासाठी जाड टॉवेल.

सायलीरान
ट्रेलरमध्ये शिरण्याआधी पंजे पूस त्याचे, बोटांच्या फटीत बर्फाचे गोळे अडकतात. फोटो टाक बंड्याचा!