फियाटचा रिबिल्ट स्टिअरिंग बॉक्स घ्यावा का? (बडोदा)

बडोदेकर_फियाट
नमस्कार मंडळी, आमच्याकडे १९६९ ची फियाट ११०० डिलाइट आहे, आजोबांनी घेतलेली, दांडिया बाजारात घरासमोरच उभी असते आणि रविवारी रावपुऱ्यापर्यंत एक चक्कर होतेच. स्टिअरिंगला प्ले खूप झालाय, सरळ रस्त्यावर चाक दोन बोटं हलवलं तरी गाडीला पत्ताच नसतो. मेकॅनिक म्हणतो बॉक्स (स्टिअरिंगची फिरकी पुढच्या चाकांकडे नेणारी गिअरची पेटी) गेला. एक जण रिबिल्ट (जुनाच खोलून दुरुस्त केलेला) बॉक्स विकतोय, फोटोत एकदम चकाचक आणि म्हणतो जुना बॉक्स द्या मग किंमत कमी करतो. नाहीतर इटलीहून मागवायचा विचार आहे, तिकडे ११०० डी चे, म्हणजे याच मॉडेलचे, पार्ट मिळतात. शिवाय माझ्याकडे एक जास्तीचा जुना बॉक्स आणि तडे गेलेलं स्टिअरिंग व्हील पडलंय, ते विकू का? घरच्यांना घेऊन फिरतो, इथे चान्स घ्यायचा नाहीये.

मकरपुरा_टर्नर
इटलीचा बॉक्स डोक्यातून काढा भाऊ, तिकडच्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे, आपलं उजवीकडे, तो इथे बसायचा नाही. तिकडचे टाय रॉड एंड (चाकं वळवणाऱ्या दांड्यांच्या टोकाचे सांधे) चालू शकतात पण आधी टेपर (निमुळता उतार) आणि आटे मोजून घ्या, उलट्या आट्यांचेही येतात.
आणि बॉक्सच गेलाय हे कोणी बघितलं? गाडी बंद, चाकं जमिनीवर, एकाला स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही खाली वाका. बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट फिरतोय पण ड्रॉप आर्म (बॉक्समधून बाहेर येऊन टाय रॉड हलवणारा दांडा) जागचा हलत नाही, तर बॉक्स. ड्रॉप आर्म हलतोय पण पुढे चाकं हलत नाहीत, तर टाय रॉड एंड नाहीतर आयडलर आर्मचा (दुसऱ्या बाजूच्या जोडीदार दांड्याचा) बुश. आणि अख्खा बॉक्सच हलत असेल तर चासीवरचे बोल्ट ढिले. ही तपासणी फुकटात होते, तरी लोक आधी बॉक्स घेऊन मोकळे होतात.

बडोदेकर_फियाट
आत्ताच बघितलं, ड्रॉप आर्म उशिरा हलतो, म्हणजे बॉक्सच. मेकॅनिकने मागे अ‍ॅडजस्टर (बॉक्सवरचा प्ले कमी करायचा स्क्रू) टाइट केला होता, तेव्हापासून सरळ ठीक वाटतं पण पूर्ण वळवलं की जड होतं.

वर्मवाला
हेच तर लक्षण आहे. गाडी बहुतेक वेळ सरळ जाते म्हणून वर्म (बॉक्समधला स्क्रूसारखा गिअर) मधल्या भागात झिजतो, टोकांना जवळजवळ नवाच राहतो. मग मधला प्ले घालवायला अ‍ॅडजस्टर आवळला की टोकाला अडकायला लागतो. त्याला अजून आवळू नका, वळणानंतर चाक आपोआप सरळ येत नसेल तर गाडी बाहेर काढूच नका.
आता त्या विकणाऱ्याचं. काळ्या रंगाने काही कळत नाही. बॉक्स उघडून वर्मचे फोटो मागा, मधल्या भागावर खड्डे किंवा पापुद्रे निघालेले असतील तर सोडून द्या. सेक्टर शाफ्टचा (वर्मने फिरणारा, ड्रॉप आर्म बसतो त्या शाफ्टचा) बुश आणि ऑइल सील नवीन टाकलेत का, वर्मच्या बेअरिंग बदलल्यात का हे विचारा. प्रत्यक्ष हातात घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, बरोबर मध्यावर किंचित घट्ट लागला पाहिजे, बाकीकडे मोकळा. आणि ड्रॉप आर्मवर किंवा शाफ्टच्या स्प्लाइनवर (टोकाच्या खाचांवर) वेल्डिंग दिसलं तर कितीही स्वस्त असो, नको. क्रोम केलेला आर्मही नको, कडक स्टीलवर प्लेटिंग नीट भट्टीत तापवून केलं नाही तर हायड्रोजन आत राहतो आणि ते ठिसूळ होऊन तुटतं. मी तरी डाय पेनिट्रंट टेस्ट केल्याशिवाय जुना आर्म लावत नाही, लाल रंगाने बारीक चीर लगेच दिसते.

सयाजीगंजची_ताई
दादा, जुना बॉक्स लगेच देऊन टाकू नकोस, नवीन बसून नीट चालायला लागला की मगच दे. आणि तो जास्तीचा अजिबात विकू नकोस, एकाचा वर्म चांगला निघतो, दुसऱ्याचं हाउसिंग, दोघांतून एक चांगला उभा राहतो. ११०० डी चे चांगले वर्म आता सहज हाती लागत नाहीत.
व्हील विकायचं असेल तर तडे झाकून रंग मारू नकोस, आहे तसं दाखव, हॉर्न रिंग सोबत असेल तर लिही. घेणारा तडा व्ही आकारात कोरून, आतल्या लोखंडी कड्याचा गंज साफ करून इपॉक्सी भरतो, गंज तसाच ठेवून भरलं की तडा परत येतो. रंगवलेलं व्हील घेणाऱ्याला आतलं काही दिसत नाही, आणि मग नंतर भांडणं होतात.
गाडीतला बॉक्स काढताना हातोडा मारू नकोस, पुलर (ओढून सोडवायचं हत्यार) लाव. आणि कॉलमवरची गिअरची लिंकेज सोडवायच्या आधी तिचे फोटो काढून ठेव.