शिष्यवृत्ती मोठी, पण फीही मोठी: कॉलेज कसं ठरवावं?

निळी_शाई
दोन कॉलेजांतून प्रवेशाचं पत्र आलंय. विषय एकच, अभ्यासक्रम चार वर्षांचा. पहिल्याची वर्षाची फी 100 धरली तर ते 40 शिष्यवृत्ती देतंय. दुसऱ्याची फी 70, शिष्यवृत्ती शून्य, पण चारही वर्षं फी तीच राहील असं लेखी दिलंय. राहण्याजेवणाचा खर्च दोन्हीकडे सारखा. 60 आणि 70 मध्ये पहिलंच स्वस्त, असं घरच्यांचं म्हणणं. कर्ज काढावं लागणारच आहे. अनामत भरण्याआधी काय तपासू?

हिशेबनीस
चार वर्षांची बेरीज करा. पहिल्याची फी दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढते असं धरू: 100, 106, 112, 119. शिष्यवृत्ती ठरावीक रकमेची असेल तर ती 40 वरच थांबते. एकूण साधारण 277. दुसऱ्याचे 280. म्हणजे फरक मिटलाच. आणि पहिल्या वर्षानंतर शिष्यवृत्ती बंद झाली तर? 397.

ती कशाने बंद होते ते अटींच्या बारीक अक्षरांत असतं. ग्रेडची अट दर सत्राला बघतात की वर्षाअखेर? किमान क्रेडिट (प्रत्येक विषयाला ठरलेले अभ्यासगुण) किती? (जड जाणारा एक विषय सोडला की नकळत त्या खाली जाता येतं.) नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी वेगळा भरायचा का? ‘निधी उपलब्ध असल्यास’ हे शब्द दिसले तर शिष्यवृत्ती एकाच वर्षाची धरून हिशेब करा. आधीच्या तुकडीत किती जणांची दुसऱ्या वर्षी चालू राहिली, हे ईमेलने विचारा, फोनवर नको.

बाहेरच्या संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली की काही कॉलेजं तेवढी रक्कम आपल्या मदतीतून कापतात. तेही विचारा.

चक्रवाढ
कर्जाबद्दल. समजा एकूण 100 कर्ज, दरवर्षी सुरुवातीला 25 उचलले, व्याज 10 टक्के, आणि हप्ते शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू. तोपर्यंत व्याज मुद्दलात मिळत गेलं तर हप्ते सुरू होताना देणं 140 च्या वर असतं. पुढे 10 वर्षांत फेडलं तर एकूण 223 च्या आसपास भरले जातात. शिकत असतानाच नुसतं व्याज भरत गेलात तर एकूण 194. महिन्याला भरायची रक्कम छोटी असते, ती जमत असेल तर जमवाच.

हप्ते सुरू होईपर्यंतच्या सवलतीच्या काळात व्याज सरळ की चक्रवाढ, दर स्थिर की बदलता, प्रक्रिया शुल्क किती, मुदतीआधी फेडल्यास दंड आहे का, हे मंजुरीपत्रात वाचा. आणि सगळं कर्ज एकदम उचलू नका. न लागलेल्या पैशावरही व्याज चढतं.

मागचा_बाक
पैशाचं झालं, पण कॉलेज कसं आहे? नोकऱ्यांचा आकडा आधी सोलून बघा. 200 विद्यार्थी, नोकरीसाठी नावनोंदणी 120 जणांची, नोकरी 90 जणांना: पत्रकात 75 टक्के छापतात, खरे 45. पगाराचा मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधला आकडा) मागा, सरासरी नको. पाच जणांचे पगार 4, 4, 5, 5 आणि 32 असतील तर सरासरी 10 येते, मध्यक 5.

मान्यता कॉलेजला आहे की तुमच्या अभ्यासक्रमालाही, आणि कधीपर्यंत, हे मान्यता देणाऱ्या संस्थेच्याच संकेतस्थळावर बघा. कॉलेजच्या पानावरचं बोधचिन्ह जुनं असू शकतं. किती टक्के मुलं चार वर्षांतच पदवी घेतात हेही विचारा. सक्तीचा एखादा विषय वर्षातून एकदाच शिकवत असतील आणि जागा भरल्या, तर एक सत्र वाढतं, आणि वाढीव सत्राला शिष्यवृत्ती बहुधा नसते.

निळी_शाई
पहिल्याकडे रक्कम वाढवून मागता येते का?

हिशेबनीस
येते, अनामत भरण्याआधी. भरल्यावर त्यांना घाई उरत नाही. मदत कक्षाला एका पानाचं पत्र द्या: दुसऱ्या कॉलेजच्या पत्राची प्रत, घरचं उत्पन्न घटलं असेल तर त्याचे कागद, आणि नेमकी किती रक्कम कमी पडते तो आकडा. ‘शक्य तेवढी मदत करा’ असं लिहू नका. रक्कम वाढत नसेल तर ग्रेडची अट सैल करून मागा. तुमच्या हिशेबात 397 चा धोका त्यानेच कमी होतो. उत्तर मुदतीत येणार नसेल तर अनामतीची तारीख पुढे ढकलायची विनंती त्याच पत्रात करा.