मदत हवी आहे: गुडघ्याच्या ब्रेससाठी बिजागरी कशी निवडू?

आईच्या गुडघ्यासाठी ब्रेस बनवतोय. गुडघा बाजूला कलणं थांबायला हवं, पण पाय मोकळेपणाने वाकायलाही हवा. एकाच खिळ्यावर फिरणारी बिजागरी लावली, तर ९० अंशांच्या पुढे वाकवताच ब्रेस पोटरीकडे घसरतो. कारण कळतंय: गुडघा दारासारखा एका अक्षावर फिरत नाही, वाकताना त्याचा अक्षच जागा बदलतो. पट्टे आवळले की तिला टोचतं, आणि तसं तर अजिबात नको.

दोन दातेरी चाकांची, म्हणजे दोन अक्षांची बिजागरी कुणी वापरली आहे का? ती सांध्याच्या रेषेवर बसवायची की थोडी वर? आतून निओप्रीन (मऊ, रबरी अस्तर) लावलं तर घामाने आणखी सरकेल का? फिजिओथेरपिस्टना दाखवल्याशिवाय तिला चालायला देणार नाही, पण आधी बांधणी तरी नीट जमायला हवी.