बाळंतविडा घरी शिवताना: मापं, कापड आणि हमखास होणाऱ्या चुका

दुपटी, झबली, कुंच्या, लाळेरी, गोधड्या घरी शिवणाऱ्या नाशिककरांनी इथे आपापल्या भागाच्या नावाखाली लिहावं. किती इंच, कोणती सुई, काय बिघडतं आणि का, एवढं आलं की शिकणाऱ्याला पुरतं.

पंचवटी

नावापासून सुरुवात करते. आत्या कानात सांगेपर्यंत नाव पक्कं नसतं आणि बाळंतविडा तर बारशाआधी तयार लागतो. म्हणून नाव थेट दुपट्यावर भरू नये. मलमलीची ६ बाय ३ इंचांची पट्टी वेगळी कापावी, नाव तिच्यावर भरावं आणि बारशानंतर ती दुपट्याच्या कोपऱ्यात बसवावी. यात आणखी एक मोठा फायदा आहे. भरतकामाची उलटी बाजू दोन कापडांच्या मध्ये झाकली जाते. मागे लोंबणारा दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला तर बोट सुजेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

अक्षराची उंची पाऊण इंच ठेवावी. वर वेलांटीला आणि खाली उकाराला अर्धा-अर्धा इंच जागा सोडावी, नाहीतर ‘कु’ नि ‘मृ’ शिवणीत जातात. सहापदरी लडीतले २ पदर घेऊन उलटी टीप घालावी. शिरोरेघ सगळ्यात शेवटी, सलग. ती आधी घातली तर अक्षरं भरताना कापड आवळतं आणि रेघ नागमोडी होते. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाने नाव काढलं असेल तर इस्त्रीआधी गार पाण्यात खळबळून खूण पूर्ण घालवावी. गरम इस्त्री फिरली की ती पक्की बसते.

सिडको

मेन रोडवरून आणलेली मलमल हाताला कडक लागली तर ती खळ आहे. रात्रभर पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून मगच कात्री लावावी. सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं, म्हणजे ४० इंचांचं दुपटं दीड-दोन इंचांनी कमी होतं. दुपदरी दुपट्यात वरचं कापड आणि अस्तर वेगवेगळं आटलं की कडेने चुण्या पडतात. त्या इस्त्रीने जात नाहीत.

मलमलीला ११ नंबरची सुई लावावी. १४ नंबरने भोकं दिसतात. टीप सुरू करताना मशीन कापड खाली ओढत असेल तर खाली पातळ कोरा कागद धरावा आणि नंतर फाडून काढावा. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

नवजात बाळाची छाती साधारण १३ इंच असते. झबल्याचा घेर २० इंच आणि उंची १२ इंच ठेवली की तीन महिने निघतात. झबलं पुढून उघडं असावं, कारण मान धरत नाही तोवर डोक्यावरून काही घालणं अवघड जातं. पहिल्या झबल्यांची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवावी, म्हणजे काखेत टोचत नाही.

गंगापूर रोड

नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पारा बऱ्याचदा १० अंशांखाली जातो. त्यामुळे इथे कुंचीला पर्याय नाही. जुन्या पैठणीचा काठ लावायची हौस सगळ्यांना असते, पण काठाची जरी गालाला रुतते. अस्तराचं मऊ फ्लॅनेल अर्धा इंच जास्त कापून बाहेर दुमडावं, म्हणजे काठ चेहऱ्यापासून मागे राहतो. हनुवटीखाली नाडी लावू नये, गळ्याला आवळण्याचा धोका असतो. ओढताच सुटेल असं छोटं वेलक्रो बरं, खरखरीत बाजू बाहेर तोंड करून. बाळ झोपलं की कुंची काढावी.

नाशिकरोड

गोधडीत झोळ पडतो तो कच्चे टाके न घातल्यामुळे. जुन्या सुती नऊवारीचे ३ किंवा ४ थर एकावर एक अंथरावेत. मध्यापासून कच्चे टाके सुरू करून कडेकडे जावं, प्रत्येक ओळीत चार बोटं अंतर. मग धावदोरा, दोन ओळींत एक बोट. कडेकडून आत गेलं तर सगळी सैल घडी मध्यावर गोळा होते. वर्षाखालच्या बाळाला ही गोधडी खाली अंथरायला, खेळायला घालावी. झोपेत अंगावर टाकू नये.

इंदिरानगर

कापडी बाहुलीला बटणाचे किंवा मण्यांचे डोळे लावू नका. तीन वर्षांखालचं मूल ते तोंडात घालतं आणि घट्ट शिवलेलं बटणही चावून सुटतं. डोळे दोऱ्यानेच भरावेत. लाल-काळ्या दोऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून इस्त्री फिरवावी. फडक्याला डाग आला तर तो दोरा बाळाच्या वस्तूला वापरू नये.

पंचवटी

नावाची पट्टी मशीनने बसवू नका, हे सांगायचं राहिलं. हाताने तुरपावी, इंचाला ८ टाके. दुपटं विरलं की ती अलगद उसवून गोधडीवर लावता येते.